मानेतला बाक

बाहेर उणे सव्वीस. गॅरेजातला हीटर
फक्त गुडघ्यापर्यंत पोचतो.
कुहमोच्या या टोकाला दुपारी तीनला दिवस मिटतो,
म्हणून दिवा. दिव्याखाली बाबांचं टेबल,
आणि पन्नास पितळी पुंगळ्या, धुतलेल्या, तोंडं वर.

यंदा ऑक्टोबरात त्यांनी गोळी झाडलीच नाही.
एल्क समोर उभा होता, असं तौनो सांगतो,
दीडशे मीटरवर, आडवा, अगदी निवांत,
आणि ओइवा केम्पाइनेननी बंदूक खाली केली.
त्याआधी निशाणाच्या कागदावर
पाच भोकं मिळून तळहाताएवढी जागा व्यापत होती.
पूर्वी ती नाण्याखाली झाकायची.

आधी चष्मा बदलला.
मग वाऱ्याला बोल लावला. मग बारूद,
मग दुर्बीण, तीही नवी आणली चारशे युरोंची.
आजार रेड्याला, औषध पखालीला.

मी औलूहून गेज घेऊन आले, माझं स्वतःचं,
ज्यावर मी वीस वर्षं शाफ्ट तपासते.
दोन रुळांवर पुंगळी आडवी ठेवली,
सुईचं टोक तिच्या मानेवर टेकवलं
आणि बोटाने हळूच फिरवली.

झाडून झालेली, अजून कुणी न छेडलेली पुंगळी:
सुई दोन घरं हलली. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.
म्हणजे बंदूक सरळ आहे, बाबा.
बाबा काही बोलले नाहीत.
साच्यातून काढलेली पुंगळी:
अकरा.
दुसरी, दहा. तिसरी, पुन्हा अकरा.
म्हणजे बाक इथे येतो. या टेबलावर.

मानेची जाडी मोजली, चहूबाजूंनी सारखी.
साच्याची कडी सैल केली, पुन्हा आवळली,
पुंगळी अर्धा फेरा फिरवून परत दाबली: नऊ.
थोडं बरं. पण घोडं दुसरीकडेच पेंड खात होतं.
मग साच्याच्या पोटातली काडी बाहेर काढली,
जिच्या टोकाचा मणी मानेतून ओढला जातो,
आणि तिच्याशिवाय एक पुंगळी घेतली.
तीन.

काडी खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर गडगडवली.
ती लंगडली.

"मार्चमध्ये एक अडकली होती," बाबा म्हणाले,
"मानेला आतून तेल लावायचं विसरलो.
मग पकडीने ओढली."

विसरलो.
हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.
आई गेली त्या वर्षीही नाही.
त्यांची मान ताठ होती, नजर मात्र
हीटरच्या तारेवर.

त्यांची वही उघडली, मार्चचं पान.
एकच तारीख, एकच वजन, तोच बारूद,
दोनदा लिहिलेला. अक्षर दोन्हीकडे सुरेख.

मी कपाटातली एकोणीस भरलेली काडतुसं काढली
आणि एकेक काट्यावर ठेवली.
का, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
एकोणीसही वजनाला बरोबर निघाली
तेव्हा कळलं, मी मघापासून
श्वास अर्धाच घेत होते.

नवी काडी कायानीहून गुरुवारी येईल.
तोवर मी जुनीच लेथवर सरळ करू शकते,
मणी घासून गुळगुळीत करू शकते,
पण एकदा वाकलेल्या पोलादाला
वाकल्याची आठवण राहते, हे मला धंद्याने शिकवलंय.
नवीच बरी.

रात्री साडेआठला तिनाची पुंगळी
त्यांनी स्वतः रुळांवर ठेवली.
बोट थरथरत होतं, सुई नाही.
"तीन," ते म्हणाले.
"तीन," मी लिहिलं, तारखेखाली, एकदाच.

मी गेज डबीत ठेवू लागले.
"ते इथेच राहू दे," बाबा म्हणाले.
"मग दर वेळी भरायला मला यावं लागेल.
दोनशे किलोमीटर."
त्यांनी दिवा विझवला, आणि अंधारात,
पायऱ्यांकडे वळता वळता, म्हणाले,
"रस्ता साफ असतो शनिवारी."