आर्डिस हाउगेनची तीन मिनिटं

बावीस वर्षं मी तिच्या गोठ्यावर
एक दिवसाआड दुधाचा टँकर नेला.
नळी जोडायची, मोजपट्टी पुसायची, आकडा टिपायचा.
आतून रेडिओ, आणि तिचा आवाज:
"सरक गं ग्रेटा, सरक."
एवढीच आमची ओळख.

डेअरीचं पत्र मीच पोचवलं.
पुढल्या महिन्यापासून दूध नको.
आयोडीनच्या बोटांनी तिनं ते उघडलं,
कागदावर तपकिरी ठसा उमटला.
म्हणाली, कॉफी घेशील?

एकेचाळीस गाई लिलावात गेल्या.
ग्रेटा ट्रकच्या फळीवर चढेना.
आर्डिसनं कासेला नुसता हात लावला,
तर तिथंच, चिखलात, पान्हा सुटला.
बोली पुकारणारा माणूस
क्षणभर आकडे विसरला.

त्यानंतर ती बोलायला लागली.
आधी चर्चच्या तळघरात, पोळ्यांना लोणी फासता फासता,
मग जत्रेत,
मग फोनवर, रात्री-अपरात्री.
व्हर्नन काउंटीतली कुठली वाट कुणाच्या गोठ्याशी संपते
हे तिला माझ्याइतकंच पाठ.
आता मी तिला मॅडिसनला नेतो, माझ्या पिकअपमधून.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे तिच्या.

विधिमंडळाच्या घुमटाखाली तीन मिनिटं मिळतात.
मग लाल दिवा.
ती भाव सांगते, मुरघासाचा खर्च सांगते,
मग यंदा बंद झालेले गोठे:
टॉरगर्सन, एकोणतीस गाई.
क्विनेल बंधू, बासष्ट.
विधवा स्टेनस्लिन, अकरा, आणि एक आंधळी कालवड.
एका टायवाल्यानं विचारलं,
बाई, तुमच्या दावणीला आज एकही गाय नाही,
मग तुम्ही बोलताय कुणाच्या वतीनं?
ती टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत राहिली.
अंगठ्याचं पेर सुजून वाकडं झालेलं.
लाल दिवा लागला.
"अजून पहाटे चारला जाग येते," ती म्हणाली,
"तेवढं नोंदीत घ्या."

विधेयक समितीत पडून आहे. भाकड.

परतताना वेस्टबीच्या अलीकडे
अंधारात एक गोठा उजळलेला दिसला.
थांब, म्हणाली.
आत एक पोरगा एकटाच धारा काढत होता.
तिनं काही विचारलं नाही,
सभेच्या कोटाच्या बाह्या सारल्या, फडकं उचललं,
आणि तिसऱ्या गाईची कास पुसायला बसली.

मी दारात उभा.
हातात नळी नाही, मोजपट्टी नाही.
"सरक गं," आतून ऐकू आलं.
मीच जरा बाजूला सरकलो.