परातीतला समुद्र

सराफ बाजारातल्या दोन हात ओट्यावर
चाळीस वर्षं पोवळी ओवली मी.
कडक मंगळाच्या पोरींसाठी,
दात येणाऱ्या बाळांच्या मनगटासाठी.
खरं की खोटं, दुधात टाकून दाखवायचं.
गिऱ्हाइकाला तेवढं पुरायचं.
मलाही.

बहिणीची धाकटी, मृदुला, लक्षद्वीपहून आली;
नाकावर मुखवट्याचा वळ, खांदे सोलपटलेले.
"मामा, तुमची पोवळी थंड, खोल पाण्यातली.
मी मोजते ती त्यांची चुलत भावंडं."
आणि भिंतीवरची पितळी परात काढून
गादीच्या कडेशी मांडली.

"हे आतलं पाणी. उथळ, हिरवं, कमरेएवढं.
इथं गवत उगवतं, कासवं चरायला येतात.
ही परातीची कड: हे सगळं पोवळं.
लाट इथंच फुटते, म्हणून आत गाव झोपू शकतं.
आणि गादी संपते ना, तिथून खाली
काळं."

"किती खोल?" मी विचारलं.
नाशिकच्या माणसाजवळ माप एकच:
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं
की आम्ही ओटा आवरायला घेतो.
ती हसली. "मारुतीवर मारुती रचत जा, मामा.
शंभरावर मोजणं सोडून द्याल."

बांधणारा केवढा, तर तांदळाचा दाणा.
चुन्याची खोली करतो, तीतच मरतो,
छपरावर पुढचा चूल मांडतो.
आमचा काळा दगड आगीनं ओतलेला, थरावर थर;
हा असा, पोटाला चिमटा घेऊन.

"पोपटमासा ते चावतो
आणि वाळू हगतो."
बायकोनं पदर तोंडाला लावला.
"म्हणजे किनाऱ्यावरची ती पांढरी वाळू?"
"बरीचशी तीच, मामी."

रंग त्याचा स्वतःचा नव्हेच.
अंगात शेवाळाचं बिऱ्हाड असतं,
ते ऊन खातं, मालकाला जेवू घालतं.
पाणी जरा जास्त दिवस तापलं
की बिऱ्हाड बाहेर.
मोबाईलवर फोटो दाखवला: पांढराफटक.
मी म्हटलं, "मेलं गं हे."
"नाही. उपाशी आहे अजून."
आणि फोन उलटा ठेवला.

आमची गोदा समुद्राकडे पाठ करून
पूर्वेला चालत जाते, लांबच्या लांब.
तिला काय सांगायचं, कुणाजवळ निरोप द्यायचा.

मंगळवारी एक बाई आल्या, पत्रिका घेऊन.
"पाच रत्तीचं पोवळं, काय भाव?"
भाव सांगितला.
मग, काय सुचलं कोण जाणे,
उठून परात काढली.