मुठीचं वजन

स्ट्रुमित्साच्या बाहेर, जुन्या तंबाखूच्या गोदामात
आमचा कारखाना.
सप्टेंबर लागला की ट्रकमागून ट्रक
लाल मिरच्या, लांबट, गाढवाच्या कानांएवढ्या,
भाजायच्या, सोलायच्या, दळायच्या,
आणि कढईत तेल सुटेस्तोवर घोटायच्या.
आयवार म्हणतात त्याला.
अख्खा हिवाळा त्याच्यावर निघतो.

हिशेब माझ्याकडे. म्हणजे एक निळी वही,
तिच्यात आकड्यांपेक्षा तेलाचे डाग जास्त.
मालकाच्या लेकीनं, वेसेलिंकानं, जर्मनीची ऑर्डर आणली
आणि ऑर्डरीच्या पदराला बांधून एक अट:
प्रत्येक बरणीला आपली जन्मवेळ सांगता यायला हवी.
म्हणून स्कोप्येहून डामयान आला,
लॅपटॉप, काटा आणि
कुणाचं घाईनं ऐकायचं नाही अशी सवय घेऊन.

मिरची? किलो.
तेल? लिटर.
झाकणं? नग.
मीठ?
स्पासिया म्हणाली, सात मुठी.
त्यानं पडद्यावरची यादी खाली ओढली, परत वर ओढली.
ग्रॅम होता, पोतं होतं, पॅलेटसुद्धा होतं.
मूठ नव्हती.

"मग तोलून बघू," तो म्हणाला.
तिनं हात पुसला, परातीत घातला,
मूठ काट्यावर नेऊन सोडली.
झाकली होती तोवर सव्वा लाखाची,
उघडली तेव्हा एक्केचाळीस ग्रॅम.
साताने गुणून दोनशे सत्त्याऐंशी.
ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली,
दुकानात स्वतःचा जुना फोटो सापडावा तशी.

खोटं कशाला बोलू, मला राग होता त्या यंत्रणेचा.
वही कपाटात गेली, आणि मी पासवर्ड विसरणारा माणूस झालो.
पण फेब्रुवारीत झाकणांचा एक गठ्ठा सदोष निघाला
आणि दहा मिनिटांत कळलं कुठल्या बरण्या:
दोनशे बारा, फक्त.
वहीच्या काळात सगळा माल खड्ड्यात ओतला असता आम्ही.
एकदा ओतलाही होता. वेसेलिंका तेव्हा शाळेत होती.

आता परातीखालीच काटा असतो.
मीठ उचललं की त्याला कळतं.
तिसऱ्या हंगामात एक पिवळी ओळ उगवली:
प्रमाण सात वेळा, प्रत्यक्षात नऊ.
मी मागे मागे गेलो, हंगाम उलटत.
पहिल्या वर्षी एक्केचाळीस, सात वेळा.
दुसऱ्या वर्षी छत्तीस, आठ वेळा.
यंदा बत्तीस. नऊ.
कागद घेऊन गुणाकार केला, दोनदा केला.
दोनशे अठ्ठ्याऐंशी.
हात आटत चालला होता
आणि कढईला त्याचा पत्ता नव्हता.

खाली गेलो. ती बोटं चोळत बसली होती,
मधलं बोट सरळ होईना.
"किती मुठी टाकतेस गं?"
"सातच की. काय झालं?"
"काही नाही."

पडद्यावर चौकट उघडीच होती:
फरकाचं कारण निवडा.
चूक. सांडलवंड. चोरी. इतर.
'इतर' निवडलं तर पुढं खुलासा लिहावा लागतो,
अक्षरांना मर्यादा आहे.
मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
तेवढ्यात लेन्चे चमच्यावर फुंकर घालत आली,
"मीठ बघ जरा."

बरोबर होतं.