देठांचं दही

डॉक्टर म्हणाले, गोळ्या आता बास.
वाईटाबरोबर चांगलंही मेलंय पोटातलं,
काही गोळ्यांनी, काही तुमच्या त्या तिसऱ्या पाळीनं.
ताक प्या. घरचं.

घरचं म्हणजे?
वैजूनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.
आमच्या घरातलं विरजण मरून सात वर्षं झालेली.
सुतकसुद्धा पाळलं नव्हतं कुणी.
दुकानातनं पांढरी डबी यायची,
झाकणावर तारीख,
तारखेपर्यंत आम्ही निवांत.

विरजण मागायला जिना उतरलो, तर दिवेलागण झालेली.
जमादारभाभी दारातच अडखळल्या,
सांजचं दिलं की जातं म्हणतात घरातलं. सकाळी या.
मी वळलो, तशा मागनं म्हणाल्या,
मिरच्या हायत की घरात?
देठ टाका दुधात. आमची अम्मी टाकायची.

संकेश्वरी होती, पिशवीभर, चटणीसाठी आणलेली.
हिनंच जाळलं माझं पोट वीस वर्षं,
रात्री अडीचच्या जेवणात, डब्यातल्या थंड रश्श्यात,
आणि आता औषध म्हणून हिचेच देठ?
राजनंदिनी अकरावीला आहे, शास्त्र शाखा.
ती म्हणाली, अहो बाबा, देठावर राहतात ते जीव,
दिसत नाहीत म्हणून काय नसतात?

गंगावेशीतनं दूध आणलं, म्हशीचं,
डोळ्यांदेखत धार काढलेलं.

शिरोलीत मी ओतकाम करतो.
चौदाशे अंशांचा रस साच्यात सोडायचा,
नुसत्या रंगावरनं सांगतो मी पोरांना,
थांब. थांब. हां, आता.
आणि इथं ओट्यापुढं
करंगळी बुडवून उभा, कुणी सांगेना कधी ते.
सोसवेल एवढंच कोमट, भाभींनी सांगितलेलं.
माझ्या करंगळीला काय, सगळंच सोसवतं.
शेवटी वैजूची करंगळी घेतली.

टॉवेलात गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवलं पातेलं,
पौषातली थंडी होती.
पहिल्या दिवशी हिरवट पाणी, खाली चार गुठळ्या.
वैजू म्हणाली, कुत्रंबी तोंड लावणार न्हाई.
त्यातलाच चमचा दुसऱ्या दुधाला.
दुसऱ्यातला तिसऱ्याला.
तिसऱ्या सकाळी पाळीवरनं आलो,
घर झोपलेलं, बूट न काढताच झाकण उचललं,
पातेलं तिरकं केलं.
हललं नाही.
बरं ओतलेलं बीड थंड झाल्यावर दिसतं ना,
तसं गप्प, पूर्ण.

तेव्हापासनं घरात एक जनावर पाळल्यासारखं झालंय.
रोज दूध घालायचं, थंडीला पांघरूण,
गावाला गेलं तर कुणाकडं तरी सोपवून.
त्याच्या मागनं मग बाकीचं आलं,
नाचणीची आंबील, रात्रभर आंबवलेली,
मुळ्याचा पाला, जो मी आईच्या हातनंही खाल्ला नव्हता,
जेवताना फोन फ्रिजवर, एका परातीत, तिघांचे.
रंकाळ्याला चालायला जातो आम्ही, आठवड्यातनं तीनदा,
ठरलंय पाचदा.
रविवारचं मटण सुटलं नाही, खोटं कशाला बोलू,
पांढऱ्या रश्श्याची वाटी मात्र तांबड्याच्या आधी उचलतो.
तिसरी पाळीही सुटलेली नाही.
रात्री दहाला निघताना विरजण लावतो,
आणि दोनच्या सुमाराला, भट्टीसमोर,
तिकडं गव्हात ते काय करत असेल
असं उगीच मनात येतं.

परवा जमादारभाभींचा जुबेर आला वाटी घेऊन.
त्यांचं दही तार सोडायला लागलंय, चमचाभर द्या म्हणाला.
बाहेर दिवे लागलेले.
वैजू हळूच म्हणाली, सांज झालीया.
मी म्हटलं, आपल्याकडं ते देठातनं आलंय,
जाऊन जाऊन जाईल कुठं.
तिनंच मग वाटी भरली,
वर एक लाल मिरची ठेवली, देठासकट.

मी वरनं बघत होतो.
हलवू नको म्हणून सांगायचं राहिलं होतं,
पण पोरगं दोन्ही हातांनी वाटी धरून
एकेक पायरी
उतरत होतं.