साइडकारचे कान

टाकी नाही, चाकं नाहीत, इंजिन जुन्या टॉवेलवर;
नुसती चौकट आज माझ्या बाकावर.
एकोणसाठ सालची. गंजाखाली काळा, काळ्याखाली लाल,
अगदी आत कुणीतरी घरच्या ब्रशने फासलेला हिरवा.
केरिसला यातून कॅफे रेसर हवी आहे:
हँडल खाली, पावलं मागे, पाठीशी छोटा उंचवटा,
बसायला जागा एकाच माणसाची.

"मागचं सगळं उडव," ती म्हणते.
मी लगेच काही उडवत नाही.
सव्वीस वर्षं बॅरोच्या गोदीत पाणबुड्यांची पोटं सांधली.
कापायला काय, ग्राइंडर पुरतो;
चुकीचं कापलं हे कळायला समुद्र लागतो.

आधी दोरा.
मानेच्या नळीपासून मागच्या आसापर्यंत, ताणून, पांढरा,
मग वरून ओळंबा.
वॉल्नीकडचा वारा पत्र्याच्या फटीतून शिरतो,
ओळंबा हलतो, मी थांबते,
मग तोही थांबतो.
चौकट डावीकडे गेलेली. दोन सूत.
चष्मा पुसून पुन्हा मोजलं.
दोन सूत.

"कुठे आपटली असेल?"
आपटली असती तर नळीला सुरकुती पडली असती.
ही हळूहळू गेलीय, सवय लागावी तशी.

दाराशी दुधाच्या क्रेटवर तिचे आजोबा,
डेसमंड हॅडविन, गुडघ्यावर चहाचा मग.
त्यांनी काठीचं टोक पुढे केलं:
खालच्या नळीवर दोन, सीटखाली एक.
साइडकारचे कान.
मला दिसले होते. विचारलं नव्हतं.

"मलाही हेच करायचं होतं, पोरगी करतेय ते.
खालचं हँडल आणलंसुद्धा होतं, उधारीवर.
मग मॉरीन झाली.
हँडल विकलं. एडना आणि बाळ डावीकडच्या डब्यात,
वर ताडपत्री, मी इकडे भिजत,
आणि गाडी सारखी त्यांच्या बाजूला ओढायची.
अकरा वर्षं उजवीकडे जोर लावून धरलं.
हे मनगट बघा."
मनगट बघितलं. मनगटासारखंच होतं.
केरिसने हातातला प्लग खाली ठेवला.
मॉरीन तिची आई.

दुपारी चौकट जिगमध्ये आवळली.
लोखंडाला हवं तेवढंच ढकलून भागत नाही,
थोडं जास्त ढकलायचं, मग सोडायचं,
ते आपलं आपण मागे येतं.
कान करवतीने नाही काढले.
ज्योत धरली, पितळ घामासारखं सुटलं,
आणि चिमट्यात एकेक अलगद आला,
नळीला ओरखडाही न पडता.
मागे नवी कमान बसवली, नळीत नळी घालून,
चार भोकांतून आतलीही सांधली.
कानशीनंतर सांधा कुणाला दिसणार नाही,
सगळा भार मात्र तिथेच येणार.

संध्याकाळी पुन्हा दोरा, पुन्हा ओळंबा.
अर्धं सूत राहिलं.
जॅकला अजून एक दांडा मारता आला असता.
बिलावर मी लिहिलं: सरळ.

तिन्ही कान, अजून कोमट, चिंधीत गुंडाळून
म्हाताऱ्याला दिले.
त्यांनी ते कोटाच्या डाव्या खिशात टाकले.
उठले तसा कोट त्या बाजूला ओढला गेला,
आणि त्यांनी, दाराकडे चालता चालता,
न बघता उजवा खांदा खाली केला.