तिरफळाची बरणी

रविवार पेठेतल्या आमच्या दुकानात
वरून तिसऱ्या फळीवर एक बरणी आहे.
झाकण काढलं की आधी लिंबाची साल,
मग ओल्या लाकडाचा वास,
मग बराच वेळ दुसरा वासच येत नाही.

जांबोटीची सातेरी आणते, नवरात्राच्या पुढंमागं,
आकडीनं ओढून, काट्यांच्या खोडाशी भांडून.
आधी हातावरचे ओरखडे दाखवते, मग भाव सांगते.
काळं बी टाकायचं, टरफल ठेवायचं;
उलटाच हिशोब ह्या फळाचा.

आम्ही म्हणतो तिरफळ. बांगड्याच्या आमटीत चार, ठेचून.
संपगावची नीलव्वा म्हणते जुम्मनकाई,
आणि म्हणताना ओठ असे मुडपते
की नावालाच झिणझिण्या येतात.

चायनीजचा गाडा लावणारा दावा
चक्रीफूल न्यायला आला होता, पन्नास ग्रॅम.
मी ही बरणी उघडून निवडत बसलेलो.
तो थांबला. न विचारता एक टरफल उचललं,
दाढेखाली धरलं,
आणि मागून कुणी हाक मारावी तसा
काउंटर धरून उभा राहिला.
"टिमुर," म्हणाला. "आमा लोणच्यात घालायची."
मग म्हणाला, खऱ्या चायनीजमध्ये ह्याचंच भावंड असतं,
पण गाड्यावर कोण मागतंय?
इथं लाल रंग आणि सॉस.

रात्री गाडा आवरता आवरता
त्यानं माझ्यासाठी एक प्लेट परतली.
पहिल्या घासाला काही नाही.
दुसऱ्याला ओठ गेले, मग जिभेचं टोक.
"काय घाटलंस रे ह्यात?" एवढंच जेमतेम निघालं.
बाकावरच्या रिक्षावाल्यानं चाखलं, बसच्या कंडक्टरनंही.
पाच मिनिटं आम्ही चौघं
तोंडं उघडी टाकून एकमेकांकडं बघत राहिलो,
कुठल्याच भाषेत काही बोलता येईना.
कंडक्टर हसला, तेसुद्धा बोबडं.

दावा आता गोव्याला गेला म्हणतात.
त्याचे साठ रुपये यायचे राहिलेत.

परवा एक साहेब टेप घेऊन आला,
पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली मोठी, मोजायला.
मोजून झाल्यावर आत आला, शिंकला.
बरणीवर तीन चिठ्ठ्या: एक माझी,
एक नीलव्वाच्या मुलीच्या हातची,
एक दावाची, आमच्याच अक्षरांत
आमचा नसलेला शब्द.
त्यानं वाचल्या नाहीत.

मी त्याच्या तळहातावर एक टरफल ठेवलं.
"खावा, सर," म्हटलं,
"चावू नका. नुसतं धरा."