हात

सोहारच्या बंदरामागे, धुराड्यांच्या अलीकडे
एका पत्र्याच्या शेडमध्ये मी पाइप जोडायला शिकवतो.
माझं नाव दिगंबर. पोरांच्या जिभेवर त्याचं दिसंबर झालं,
म्हणजे डिसेंबर. मीही ओ देतो.
खमीस म्हणजे गुरुवार.
असे आम्ही दोघं, एक वार, एक महिना,
कॅलेंडरातून निसटून काळ्या काचेआड बसलेलो.

पहिल्या दिवशी मी त्याला म्हणालो, "हात!"
म्हणजे दाखव, थरथरतो का बघू.
त्यानं धावत जाऊन रॉडचा पुडा आणला.
त्यांच्या भाषेत हात म्हणजे आण, दे.
मग ग्राइंडर आणला. मग पाणी आणलं.
मी हात हात करत राहिलो
आणि टेबलावर जागा उरली नाही.

त्याचा बाप किनाऱ्यावर मासळी सुकवतो.
होडी ओढायची वाट आता जेटीच्या कुंपणापलीकडे.
पोराच्या बोटांना जाळं सांधायची सवय,
घाई नाही, टाका मोजून.
मला वाटलं, ह्याला शिकवायचं काय,
नुसती सुई बदलायची.

शेड फंडावर चालते.
परक्या माणसाच्या परवान्यामागे
कंपनी वर्षाला अमुक इतके त्यात टाकते.
परका माणूस म्हणजे मी.
माझ्या इथं असण्याचे पैसे भरले जातात,
त्यातून माझा पगार निघतो,
त्या पगारात मी घडवतो तो पोरगा
ज्याला माझ्या स्टुलावर बसायचंय.
हिशेब चोख आहे. मी दोनदा तपासला.

आमच्या आयटीआयत मशीन एकच.
वीज असली की रॉड नसायचे.
झगडे मास्तर निंबाची काडी द्यायचे,
भिंतीवर ओढा म्हणायचे, अंतर राखा, श्वास धरा.
सहा महिने आम्ही न पेटलेल्या काडीनं
भिंतीला भिंत जोडत होतो.
हात बसला तो असा, कोरडाच.
इथं रॉडचे डबे छतापर्यंत,
तरी मी आधी खजुराच्या झावळीची काडी देतो.
हसतात. हसू देत.

खमीसचा तुकडा प्रेसखाली वाकवला
तेव्हा पट्टी नालासारखी दुमडली,
सांध्यावर केसाएवढी चीर नाही.
बापाला दाखवायला त्यानं ती खिशात घातली,
खिसा फाटला.
मग चार वर्षं यार्डात होता. परवा परत आलाय,
दाढी राखून.

नोव्हेंबरात मस्कतहून फंडाच्या बाई आल्या, थुरैया,
पांढरं हेल्मेट, हातात टॅब.
"चौदापैकी कामाला किती लागले?"
नऊ.
"आणि पाच?"
एकानं टॅक्सी घेतली, एक फौजेत गेला,
दोघांना ठिणगीचं भय वाटतं,
एकाचा हात अजून बसायचाय.
ह्या शेवटच्याला टॅबवर रकाना नव्हता.
पुढच्या तुकडीत दहाचेच पैसे, त्या म्हणाल्या,
वाईट वाटून म्हणाल्या, तेही खरं.
अकरावा दारातच उभा होता, शिनासचा,
थोरल्या भावाचे बूट घालून.

माझं पत्र आलंय. जानेवारीपासून स्टूल खमीसचं.
नावाला जागून मी डिसेंबरात संपतो.
बायको फोनवर म्हणाली,
आयटीआयतली जागा पाच वर्षं रिकामीच आहे, विचारून बघा.
तिथं फंड कुणाचा, ते मी विचारलं नाही.
मशीन तेच आहे का, एवढं विचारलं.
म्हणाली, त्यावर आता कोंबडी बसते.

आज अकराव्याला भंगारातले तुकडे दिले,
कुणीच न मोजलेले.
खमीस त्याच्या मागे उभा, मास्क कपाळावर चढवून,
आणि माझ्याच आवाजात म्हणतो, "हात!"
पोरगा गोंधळतो, इकडेतिकडे बघतो, काय आणू?
खमीस मान हलवतो,
त्याचं मनगट धरतो
आणि उजेडात नेतो.